काम घरी आले, आता घर कुठे?

कुठे राहायचे, हा प्रश्न आमच्या आधीच्या पिढीला फारसा पडलाच नाही. उत्तर आधीच ठरलेले असे. जिथे नोकरी त्या शहरात खोली, जिथून लोकलने वेळेवर पोहोचता येईल ते उपनगर, आणि त्यातही आपल्याला घर कोण देईल ती वस्ती. आमचे अब्बा कोकणातून निघाले ते डोंगरीला गाववाल्यांच्या खोलीत उतरले, तिथून कुवेतला गेले, आणि परतल्यावर आमच्या कुटुंबाने मुंब्र्यात घर घेतले. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात आली, त्यांतले आम्ही एक. अब्बांना कुणी विचारले नाही की तुम्हाला समुद्र आवडतो की डोंगर.

आमचे तसे नाही. आम्ही म्हणजे नवरा-बायको, अम्मी, सहावीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. आम्हां दोघांपैकी एकाचे काम सॉफ्टवेअर तपासण्याचे, दुसऱ्याचे एका परदेशी कंपनीचे हिशेब लिहिण्याचे. २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही कामे घरी आली आणि परत गेली नाहीत. महिन्यातून एकदा तोंड दाखवायला ऑफिसात जायचे, एवढेच उरले. म्हणजे अब्बांच्या तीन अटींपैकी नोकरी आणि लोकल या दोन गळाल्या. ‘घर कोण देईल’ ही तिसरी मात्र आमच्याबरोबर राहिली. तिच्याबद्दल पुढे सांगूच.

मोबाइलवर अशा जागांची चित्रे रोज येतात. डोंगराकडे तोंड करून ठेवलेला लॅपटॉप, बाजूला चहाचा कप. त्या चित्रात म्हातारी आई कधी नसते, दप्तर घेतलेले मूल नसते, भाजी कुठून आणली हेही नसते. म्हणून आम्ही ठरवले की चित्रावरून जागा निवडायची नाही. मुंब्र्याचे घर ठेवायचे आणि वर्षभरात, मुलांच्या सुट्ट्यांप्रमाणे, चार ठिकाणी भाड्याने राहून बघायचे. हॉटेलात नव्हे, स्वतःचा स्वयंपाक करून, स्वतःचे काम करून. अम्मींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “फिरायला नेताय तर कुठेही न्या. राहायला नेणार असाल तर आधी मला विचारा.” ही अट आम्ही मान्य केली. पुढे सगळा निर्णय तिच्याभोवतीच फिरला.

छत्रपती संभाजीनगर : पाण्याचा दिवस

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही छत्रपती संभाजीनगरला तीन आठवडे राहिलो. शहागंजच्या बाजूला, जुन्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावरचे घर. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या खाला नान-कलियाचे भांडे घेऊन आल्या आणि अम्मींना खाली ओट्यावर घेऊन गेल्या. अम्मींची कोकणी आणि त्यांची दख्खनी यांची गाठ पडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून त्या संध्याकाळी घरात सापडेनात.

या शहराची बाजू भक्कम आहे. डॉ. रफिक झकेरिया यांनी १९६३ मध्ये सुरू केलेले मौलाना आझाद महाविद्यालय इथे आहे, विद्यापीठ आहे, मोठी रुग्णालये आहेत, विमानतळ आहे. घरून करायचे काम उद्या बंद झाले तर वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत दुसरे काही शोधता येईल. हा मुद्दा लहान वाटतो, पण तो लहान नाही. घरी बसून काम देणाऱ्या काही कंपन्यांनी माणसांना परत ऑफिसात बोलावले आहे. आपण राहतो त्या गावात दुसरी नोकरी मिळण्याची शक्यताच नसेल, तर आपली सगळी भिस्त एका पत्रावर राहते.

अडचण पाण्याची. आम्ही होतो तेव्हा आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. सगळ्या गल्लीचे वेळापत्रक त्यावर चाले. त्या दिवशी धुणे, त्या दिवशी टाक्या, त्या दिवशी कुणी पाहुण्याला बोलावत नसे. आमची एक महत्त्वाची मीटिंग ऐन रंगात असताना खालून आरोळी आली, “पानी आया!” मीटिंगमधला पलीकडचा माणूस पुण्याचा होता. तो म्हणाला, “तुम्ही आधी पाणी भरून घ्या.”

ज्या शहरात आम्ही टाक्या भरत होतो ते मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले. इथे पाणी कमी हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने डोंगरातले जमिनीखालचे पाणी धरून, खापराच्या नळांतून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी असलेली पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरत असे आणि तिथे धान्य दळले जाई. आम्ही मुलांना ती दाखवायला नेले. मुलीने विचारले, “तेव्हा पाणी यायचं, मग आता का नाही?” आम्ही तिला सांगितले की तेव्हा माणसे हजारांत होती, आता लाखांत आहेत, आणि आताचे पाणी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या जायकवाडीतून पंपाने उचलून आणावे लागते. उत्तर खरे होते, पण ते देताना आमचे आम्हालाच ते तोकडे वाटले.

कोल्हापूर : घरमालकीण आजी

आता त्या तिसऱ्या अटीबद्दल. चारही ठिकाणी घर शोधताना आम्ही आधी फोन करत होतो. फोनवर भाडे ठरे, अनामत ठरे, कधी येता तेही ठरे. मग नाव विचारले जाई. नाव सांगितल्यावर दोन ठिकाणी घर ‘कालच गेले’ असे कळले. एका ठिकाणी जाहिरात पुढचे पंधरा दिवस तशीच होती. आमच्या पगाराच्या पावत्या, कंपनीचे पत्र, आधीच्या घरमालकाची शिफारस, काही कामाला आले नाही. कुठूनही काम करता येते, याचा अर्थ कुठेही राहता येते असा होत नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बऱ्याच घरांत हा अनुभव आहे. आम्ही त्यावर एवढेच केले की पुढच्या फोनमध्ये नाव पहिल्या वाक्यात सांगायला लागलो. वेळ वाचला आणि मन कमी खट्टू झाले.

कोल्हापुरात नाव पहिल्या वाक्यात सांगितले तेव्हा पलीकडे घरमालकीण आजी होत्या. त्या म्हणाल्या, “मटण करता न्हवं? मग पांढरा रस्सा शिकवीन.” नाताळच्या सुट्टीत आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर दहा दिवस राहिलो आणि पांढरा रस्सा खरोखरच शिकून आलो.

कोल्हापूरचे मुस्लिम घर आम्हाला फार जवळचे वाटले, कारण तिथे घरात मराठी बोलली जाते आणि त्याचे कुणाला नवल नाही. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आम्ही पाहिले. मुस्लिम मुलांनी शिकावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये पुढाकार घेऊन शिक्षणसंस्था उभी केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. एखाद्या गावात आपल्या मुलांच्या शिक्षणाची चिंता शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी केली होती, या गोष्टीचा तिथल्या बोलण्या-चालण्यावर आजही परिणाम दिसतो. शाळेत चौकशीला गेलो तेव्हा मुलीच्या नावावर कुणी थबकले नाही. पुढचा प्रश्न होता, “गणित कसं आहे?”

इंटरनेट उत्तम, दवाखाने भरपूर, बाजार जवळ. मग कोल्हापूर का नाही? आजींनीच एक कारण दाखवले. त्यांच्या बहिणीच्या घराच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीवर, २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची रेघ अजून होती. २०२१ च्या जुलैत पंचगंगा पुन्हा चढली. पण पूर शहराच्या सगळ्या भागांत येत नाही, उंचावरची वस्ती निवडता येते. खरे कारण दुसरे होते. आमची सगळी माणसे मुंब्रा, पनवेल, चिपळूण, दापोली या पट्ट्यात आहेत. लग्न, मय्यत, आजारपण, काहीही झाले तरी कोल्हापुरातून निघून पोहोचायला रात्र लागते. काम कुठूनही करता येते, पण फुफीच्या उशाशी बसायला तिच्या गावातच जावे लागते. कोल्हापूर आमच्या यादीत शेवटपर्यंत दुसरे राहिले.

पाचगणी : दर दोन दिवसांनी नवे शेजारी

मे महिन्यात पाचगणी. बाराशे मीटरहून अधिक उंची, सकाळी शाल लागेल अशी हवा, टेबललँडचे जांभ्या खडकाचे सपाट पठार, खाली कृष्णेचे खोरे. मुलांच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता. ब्रिटिशांच्या काळापासून हे निवासी शाळांचे गाव. अंजुमन-ए-इस्लामचीही शाळा तिथे आहे. मशीद आहे, हलाल मटण मिळते, कामाला शांतता आहे.

राहून बघितल्यावर मात्र लक्षात आले की गावाचा मोठा भाग राहणाऱ्यांसाठी नाहीच. घरे दिवसाच्या भाड्याने जातात. महिन्याचे भाडे विचारले की मालक बोटांवर शनिवार-रविवार मोजू लागतो. सुट्टीच्या दिवशी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते, आणि वाईच्या डॉक्टरकडे जायचे तर तोच घाट उतरावा लागतो. आमच्या डाव्या हाताच्या बंगल्यात अठरा दिवसांत आठ कुटुंबे आली आणि गेली. अम्मी रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसत. सलाम करायला माणूस मिळे, ओळख व्हायच्या आत तो सामान भरत असे. “हवा चांगली आहे,” त्या म्हणाल्या, “पण हवेशी किती बोलणार?”

कोकण : जुलैतले गाव

कोकणात आम्ही मुद्दाम जुलैत गेलो. मे महिन्यात कोकण कुणालाही आवडते. आंबे, फणस, लग्ने, आखातातून सुट्टीवर आलेली माणसे, मोहल्ल्यात रात्री बारापर्यंत गप्पा. वर्षातले ते चार आठवडे सोडले तर गाव कसे असते, ते जुलैत कळते. मुलांना फुफीकडे मुंब्र्यात ठेवले आणि अम्मींना घेऊन आम्ही गावच्या घरी तीन आठवडे राहिलो.

आमचे गाव दापोली तालुक्यात, दाभोळच्या बाजूला, वाशिष्ठीच्या खाडीजवळ. दाभोळ आज छोटे बंदर दिसते. गाड्या घेऊन समोरच्या धोपाव्याला जाणारी फेरीबोट, मासळी, चार दुकाने. पण बहमनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. अरबस्तान-इराणकडून इथे घोडे येत, इथून कापड जाई. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीच्या जहाजावर चढला तो याच बंदरात. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले. बंदराचे दिवस नंतर गेले, पण समुद्रावरून कामाला जाण्याची सवय राहिली. आमचे लोक बोटींवर खलाशी झाले, मुंबईच्या गोदीत गेले, काही थेट केपटाऊनला जाऊन स्थायिक झाले. १९७० च्या दशकात तेलाचे भाव चढले आणि आखाताची वाट मोठी झाली. कुवेत, दोहा, दुबई, जेद्दा. कोकणातल्या मुसलमान गावांत जी दुमजली घरे दिसतात, चिऱ्याची, रंगीत फरशांची, ती या पैशाची आहेत. कमाई दूर आणि घर इथे, अशी विभागणी आमच्याकडे कित्येक पिढ्या चालली.

आम्हां दोघांना वाटत होते की ही विभागणी आता आमच्या घरात संपेल. पडवीत टेबल टाकायचे, समोर खाडी, आणि कमाईही इथेच. हा विचार आम्ही अम्मींना मोठ्या उत्साहाने सांगितला.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “हे घर तुमच्या अब्बांनी बांधलं. राहिले किती, मोजून सांगू?” चौदा वर्षे अब्बा कुवेतला असताना अम्मी या घरात होत्या. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. सगळे मिळून सव्वा वर्षही भरत नाही. “तेव्हा पण मला हे घर खायला उठलं नाही, कारण दर घरात माझ्यासारखी एक होती. दळण, विहीर, लग्नाच्या रोट्या, सगळं आम्ही मिळून केलं. आता तू इथं बसून काम करशील. मी कुणाशी बोलू?”

त्या संध्याकाळी आम्ही मोहल्ल्यातून चालत गेलो. तीन घरांतली दोन बंद. कुठे कुलूप, कुठे कौलांवर शेवाळ, कुठे राखणदाराचा एकच दिवा. उरलेल्या घरांत बहुतेक एकटी म्हातारी माणसे. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मुले इतकी थोडी की शिक्षक सगळ्यांना एकाच खोलीत घेऊन बसतात.

आम्ही असतानाच समोरच्या घरातल्या चाची गेल्या. पावसाची रात्र, वीज नाही. गुस्ल द्यायला अम्मी आणि आणखी दोघी. मुलगे कतारला. ते सकाळच्या विमानाने निघाले तरी वेळेत पोहोचणार नव्हते. जनाज्याला खांदा द्यायला मोहल्ल्यातले पुरुष पुरेनात, तेव्हा जमातीने दाभोळहून आणि पलीकडच्या वाडीतून तरुण बोलावले. पलीकडच्या वाडीतली हिंदू पोरे कुदळ-फावडी घेऊन पहाटेच आली, कबरीत भरणारे पाणी उपसत उभी राहिली. मुलांनी फोनवर पाहिले. सगळे रीतसर झाले. पण त्या दिवशी आम्हाला कळले की अम्मी कशाबद्दल बोलत होत्या.

कामाचे म्हणाल तर ते झाले, ओढाताण करून. वाऱ्याने झाडाची फांदी पडली की इंटरनेटची तार तुटे, आणि ती जोडणारा माणूस दोन दिवसांनी येई. दोन कंपन्यांची सिमकार्डे होती. त्यांतल्या एकाला घरात रेंज नाही, दुसऱ्याला मशिदीच्या वरच्या पायरीवर मिळे. म्हणून छत्री घेऊन तिथे बसून मीटिंगा केल्या. बांगीसाहेब येता-जाता विचारत, “आज पण मिटिंग?” वीज सलग चौदा तास गेली तेव्हा इन्व्हर्टरचा हिशेब कळला. १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर दोन लॅपटॉप, राउटर, एक पंखा आणि दोन दिवे पाच-सहा तास चालतात, त्याहून जास्त नाही. आणि हे नेहमीच्या पावसाचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले, तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, आणि वीज परत यायला आठवडे लागले. कोकणात राहायचे तर असा एखादा महिना आयुष्यात येणार, हे धरून चालावे लागते.

मग आम्ही काय केले

शेवटचे चार दिवस आम्ही अम्मींच्या सांगण्यावरून दापोली शहरात काढले. दाभोळहून तीसेक किलोमीटर. समुद्र जवळ असूनही गाव थोडे उंचावर, म्हणून हवा बरी. १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ इथे असल्यामुळे बाहेरगावची शिकलेली कुटुंबे, शाळा, पुस्तकांची दुकाने आहेत. उपजिल्हा रुग्णालय आणि खाजगी डॉक्टर आहेत. खेडचे रेल्वे स्टेशन घाट उतरून तीसेक किलोमीटरवर, आणि मुंबईला रात्रीची एसटी. महिन्यातून एकदा ऑफिसला जायला तेवढे पुरते. मुख्य म्हणजे बाजार, मशीद, दवाखाना आणि अम्मींच्या माहेरकडची दोन घरे, सगळे त्यांच्या पायांनी जाता येईल एवढ्यात. चौथ्या दिवशी त्या सकाळी एकट्या बाहेर पडल्या आणि दोन तासांनी सुकट, कोकम आणि तीन घरांच्या बातम्या घेऊन परतल्या. संध्याकाळी म्हणाल्या, “इथं बघा घर.”

पुढच्या वर्षी, शाळा सुरू व्हायच्या आधी, आम्ही दापोलीत भाड्याचे घर घेतले. करार अकरा महिन्यांचा. मुंब्र्याचे घर विकले नाही, भाड्याने दिले. त्याच इमारतीत फुफी राहतात, दर दोन महिन्यांनी अम्मी आठ दिवस त्यांच्याकडे जातात, कारण पंचवीस वर्षांच्या मैत्रिणी तिथे आहेत आणि त्या कुरिअरने येत नाहीत. रविवारी आम्ही गावचे घर उघडतो, झाडून घेतो, समोरच्या-मागच्या म्हाताऱ्यांना दापोलीहून औषधे नेऊन देतो.

सगळे जमले आहे असे नाही. मुलीला मुंब्र्याच्या मैत्रिणी सोडाव्या लागल्या आणि ते तिने अजून आम्हाला माफ केलेले नाही. दहावीनंतर तिच्यासाठी काय, हा प्रश्न तीन-चार वर्षांत समोर येईल. आम्हां दोघांपैकी एकाचे काम रात्री उशिरा संपते आणि जुलैत वीज गेली की धाकधूक असतेच. अम्मींनी दापोली आवडली असे अजून म्हटलेले नाही. मुंब्र्याहून शिलाई मशीन मात्र मागवून घेतले आहे.

ज्या घरांत असा विचार चालू असेल त्यांच्यासाठी, आमच्या वर्षभराच्या राहण्यातून जे हाती लागले ते सांगतो. जागा तिच्या सर्वांत वाईट महिन्यात बघा. विदर्भ-मराठवाड्यात जायचे तर मे, कोकणात जायचे तर जुलै, पर्यटनाच्या गावी जायचे तर लांब सुट्टीचा आठवडा. रात्री दोन वाजता छातीत दुखले तर कुठल्या दारात जायचे, ते दार दिवसा एकदा बघून या. इंटरनेट दोन वेगळ्या वाटांनी येते का, ते शेजाऱ्याला विचारा, विकणाऱ्याला नको. शहरातले घर असेल तर निदान दोन वर्षे विकू नका. आणि ज्याचे काम लॅपटॉपवर चालते त्याचे मत शेवटी घ्या. तो दिवसाचे नऊ तास पडद्याकडे बघणार आहे, त्याला खिडकीबाहेर काय आहे याने फारसा फरक पडत नाही. ज्याला दिवसभर त्या गावात चालायचे, बोलायचे, बाजार करायचा, शाळेत जायचे आहे, त्याला आधी विचारा.

एक शेवटचे, खास कोकणातल्या वाचकांसाठी. एकटे कुटुंब गावी परतले तर त्याचे हाल होतात, हे आम्ही पाहिले. म्हणून आम्ही गावाच्या जवळ आलो, गावात नाही. पण घरून काम करणारी चार-पाच कुटुंबे एका मोहल्ल्यात एकाच वेळी आली तर शाळेचा पट वाढेल, इंटरनेट जोडणाऱ्याला रोज यावे लागेल, डॉक्टर आठवड्यातून दोनदा तरी बसेल. हे जमातीच्या बैठकीत बोलायचे काम आहे. आमच्या जमातीच्या पुढच्या बैठकीत आम्ही बोलणार आहोत. यादीत सध्या तीन नावे आहेत, एक मुंब्र्याचे, एक पुण्याचे, एक दोह्याचे. अम्मी म्हणतात, पाच होऊ द्या, मग माझी पेटी गावी हलवा.